सर्व्हर हलवण्याआधी पूर्ण बिल मांडा

संपादक महोदय,

'सर्व्हर आमच्याकडे हलवा, बिल निम्मे करा' असे सांगणारे विक्रेते हल्ली देवगड तालुक्यात बागायतदारांकडे फिरत आहेत. सर्व्हर म्हणजे संकेतस्थळ चालवणारा भाड्याचा संगणक. आमच्या गटाच्या आंबाविक्रीचे संकेतस्थळ मी सांभाळते, म्हणून कळकळीने लिहिते. त्यांच्या कोष्टकात फक्त महिन्याचे भाडे असते.

हंगामाआधी आम्ही जुना आणि नवा सर्व्हर शेजारी शेजारी चालवून पाहिले. दोन्हींवर '2 व्हीसीपीयू, 4 जीबी' (दोन आभासी प्रोसेसर, 4 जीबी मेमरी) असेच लिहिलेले. सुरुवातीला नवा झपाट्याने चालला. मग पेटी निवडून पिनकोड टाकला की नुसते चक्र फिरत राही. बरीच स्वस्त यंत्रे क्रेडिटवर, म्हणजे काम कमी असताना साठणाऱ्या जादा वेगाच्या शिलकीवर चालतात, त्याचा हा परिणाम. ॲमेझॉनच्या टी3 मीडियम या भाड्याच्या सर्व्हरमध्येही प्रत्येक व्हीसीपीयूची सलग वापरायची ताकद 20 टक्केच असते. साठलेले क्रेडिट संपले की वेग तरी उतरतो, नाहीतर जादा आकार लागतो. सरासरी वेळेत हे लपते. शंभरातल्या सर्वांत हळू पाच ऑर्डरी बघाव्यात, गिऱ्हाईक तिथेच हातचे जाते.

जर्मनीतला सर्व्हर भाड्याला हलका पडतो. पण संदेश मुंबईहून तिथे जाऊन येण्यात शंभर मिलिसेकंदांहून जास्त जातात आणि एक पान उघडायला अशा कित्येक फेऱ्या होतात.

खर्चात खरी मेख फोटोंची. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून महिन्याला 100 जीबी डेटा फुकट बाहेर जातो, पुढे जीबीला सुमारे 11 सेंट. बागांचे जड फोटो गिऱ्हाइकांनी पाहून महिन्याचा डेटा 500 जीबीपर्यंत गेला तर 44 डॉलर नुसते त्याचेच! वर 18 टक्के जीएसटी. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे निव्वळ आंबा विकणाऱ्याला हा कर परतही मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो. विक्रेते हे कधीच सांगत नाहीत.

सोडून जाताना डेटा नेण्याचा आकार गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 2024 मध्ये माफ केला आहे, पण त्यासाठी आधी कळवावे लागते. त्याची भीती नको. दोन्हीकडची बिले काही दिवस एकदम भरावी लागतात, ती मात्र धरा.

तालुक्यातल्या संस्थांनी विक्रेत्यांकडून आठवडाभराची चाचणी आणि डेटाचा दर लेखी मागावा. हलवायचेच तर मृग लागल्यावर, पेट्या संपल्यावर हलवा. आदल्या दिवशी डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, 300 सेकंदांवर आणा, आणि नव्या सर्व्हरवर ऑर्डरी नीट उतरताहेत याची खात्री होईपर्यंत जुना बंद करू नका.

– एक बागायतदार वाचक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)