मूळ वाचायला लावणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,

सप्रेम नमस्कार.

संघटनात्मक नेतृत्व आणि व्यवस्थापन या विषयातलं माझं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच पूर्ण झालं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख आहेच, पण तिथे दोन ओळींपलीकडे लिहिता येत नाही आणि मला सांगायचंय ते दोन ओळींत मावणारं नाही. शिवाय नोकरी सांभाळून हा अभ्यास करणारे माझ्यासारखे बरेच आहेत. ग्रंथपालाकडून काय काय मिळू शकतं हे त्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आमचा अभ्यास कसा चालतो हे तुम्ही रोज बघता. दिवसभर कामावर माणसं सांभाळायची आणि संध्याकाळी वर्गात माणसं कशी सांभाळावीत हे ऐकायचं. वेळ कमी म्हणून सगळं आटोपशीर करून मिळतं. माणसाच्या गरजा पायरीपायरीनं मांडणारा मॅस्लोचा त्रिकोण, माणूस कामचुकार की जबाबदार या दोन गृहीतकांचे मॅकग्रेगरचे एक्स आणि वाय, कारखान्यातल्या कामगारांवरच्या मेयोंच्या हॉथॉर्न प्रयोगांवर चार ओळी. परीक्षेला तेवढं पुरतं. पहिल्या सत्रात प्रेरणेवरचा निबंध लिहायला मी ग्रंथालयात आले, तेव्हा माझ्यासमोर असंच एक पाठ्यपुस्तक उघडं होतं. तुम्ही त्या पानाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरातल्या संदर्भावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "हा 1943 चा लेख वाचलास का? वीस-पंचवीस पानांचाच आहे." आणि उत्तराची वाट न बघता तो काढून दिलात.

तो लेख मॅस्लोचाच, पण त्यात त्रिकोण नाहीच. मॅस्लोनं तो काढलेला नाही, नंतरच्यांनी काढला. उलट गरजांची ही उतरंड वाटते तितकी ताठर नाही, असं तो स्वतः सांगतो. एक गरज शंभर टक्के भागल्यावरच पुढची जागी होते, हा समजही तो खोडून काढतो. साध्या माणसाच्या सगळ्याच गरजा काही अंशी भागलेल्या आणि काही अंशी न भागलेल्या असतात, असं म्हणून तो नुसत्या उदाहरणादाखल आकडे देतो: शारीरिक गरजा 85 टक्के, सुरक्षितता 70, आपुलकी 50, स्वाभिमान 40 आणि स्वतःतलं सामर्थ्य फुलवणं 10. पगाराची चिंता असलेला माणूसही कामात मान शोधतो, हे मी कामावर रोज बघत होते. त्रिकोणात ते कुठे बसवावं हे कळत नव्हतं. मूळ लेखात त्याला जागा होती.

पण मी तुमची खरी ऋणी आहे ती हॉथॉर्नसाठी. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात 1924 ते 1932 या काळात झालेले हे प्रयोग आम्हाला एका वाक्यात शिकवले जातात: माणसांकडे लक्ष दिलं की काम वाढतं. मी तेच वाक्य घेऊन आले होते. तुम्ही रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांचा याच प्रयोगांवरचा 1939 चा जाडजूड ग्रंथ टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "निष्कर्ष शेवटी वाच. आधी काय केलं ते बघ."

काय केलं ते बघितलं आणि ते वाक्य अपुरं वाटायला लागलं. टेलिफोन यंत्रणेतल्या रिले नावाच्या भागाच्या जुळणीच्या खोलीत पाच मुली जुळणी करत होत्या आणि सहावी त्यांना सुटे भाग पुरवत होती. जुळणी करणाऱ्यांपैकी दोघी फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, म्हणून 1928 च्या सुरुवातीला त्यांना हलवून दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. मजुरीची पद्धतही बदलली होती: मोठ्या विभागाऐवजी या छोट्या गटाच्या उत्पादनावर कमाई ठरू लागली. मग उत्पादन वाढलं ते लक्ष दिल्यामुळे, पैशामुळे, की माणसं बदलल्यामुळे? यावर पुढे कित्येक दशकं अभ्यासकांनी वाद घातले. तो वाद समजून घेणं हाच आमचा विषय आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ते तयार झालं तुमच्या टेबलावर.

त्याच ग्रंथात पुढे बँक वायरिंगच्या, म्हणजे टेलिफोन यंत्रणेच्या संचांना तारा जोडण्याच्या, खोलीची हकीकत आहे. ती मी किती वेळा वाचली असेन! चौदा पुरुष, कोपऱ्यात बसलेला एक निरीक्षक, आणि मंदीचा काळ, नोव्हेंबर 1931 ते मे 1932. इथे उत्पादन वाढलं नाही, ते जवळपास एका रेषेत राहिलं. दिवसाला साधारण दोन संच जोडून झाले की पुरे, असं गटानं आपापसात ठरवलं होतं. जास्त करणाऱ्याला नावं ठेवायची, दंडावर ठोसा मारायचा. कमी करणाराही खपवून घेतला जात नसे आणि साहेबांकडे चुगली करणारा तर नाहीच. जास्त काम दाखवलं तर दर कापतील किंवा माणसं कमी करतील, ही भीती त्यामागे होती. आणि ज्याच्यावर देखरेखीची जबाबदारी होती तो ग्रुप चीफ हे सगळं जाणून होता, तरी वर कळवत नव्हता. त्याला रोज त्याच माणसांत वावरायचं होतं.

तिथेच तुम्ही मला त्या आकृत्या दाखवल्यात. कोणाची कोणाशी मैत्री, कोण कोणाला मदत करतो, कोण कोणाशी काम बदलून घेतो, आणि एक खास आकृती: खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून कोणाचं कोणाशी वाजतं. गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. अधिकारपदांच्या तक्त्यात न दिसणारी खोली त्या रेघांत दिसत होती. दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या गटाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. कोणाच्या होकाराशिवाय बैठकीत कोणी तोंड उघडत नाही, हे मला प्रथमच नीट दिसलं.

खिडकीवरून तुम्हाला व्यवस्थापनावर लिहिणारी अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट आठवली. तिच्या लेखनातला ग्रंथालयातला प्रसंग तुम्ही मला काढून दिलात. एकाला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद, आणि शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली जाते. एकाला मोकळी हवा हवी होती आणि दुसरीला अंगावर वारा नको होता. दोघांनाही हवं ते मिळालं, कोणी काही सोडलं नाही. फॉलेट हे 1920 च्या दशकात मांडत होती आणि सत्ता माणसांवर गाजवण्यापेक्षा माणसांच्या साथीनं उभी करता येते असं सांगत होती. आमच्या अभ्यासक्रमात तिच्या वाट्याला अर्धं पान येतं. हे मला मनापासून खटकतं. नेतृत्वाच्या विषयात तिला पूर्ण सत्र दिलं तरी कमी पडेल.

प्रबंधाचा विषय याच वाटेवर सापडला: गटातली माणसं चुका का बोलून दाखवत नाहीत. गटांच्या कामाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांचा 1996 चा अभ्यास तुम्हीच शोधून दिलात. रुग्णालयातल्या पथकांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. जिथे नेतृत्व चांगलं तिथे चुका कमी असतील ही अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. कारण तपासल्यावर दिसलं की चांगल्या पथकांत चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. हे वाचल्यावर माझी प्रश्नावलीच बदलली. तोवर मी चुकांची नोंद मोजणार होते. मग त्याऐवजी, चूक लक्षात आल्यावर माणूस आधी कोणाला सांगतो, हे विचारायचं ठरवलं. माझ्या मार्गदर्शक सरांना हा बदल आवडला आणि श्रेय त्यांनी मला दिलं. ते तुमचं आहे.

शोधायचं कसं हेही तुम्हीच शिकवलंत. एखादा लेख हाती आला की त्याच्या संदर्भांतून मागे जायचं, आणि त्या लेखाचा आधार नंतर कोणी घेतला हे बघत पुढेही यायचं. कोणाला त्याच्याशी मतभेद आहेत ते आधी शोधायचं. सारांश वाचून मत बनवायचं नाही, पद्धतीचा भाग वाचल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. आमच्याकडे नसलेले लेख तुम्ही दुसऱ्या ग्रंथालयांतून मागवलेत. बंद करायची वेळ झाली तरी माझं पान संपेपर्यंत शेवटचा दिवा ठेवलात, आणि पुस्तक हातात देताना कधी घाई केली नाहीत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला "उद्या ये" म्हणणं सोपं असतं. तुम्ही ते म्हणाला नाहीत.

कामावरचं थोडं सांगते, कारण तुम्ही नेहमी विचारायचात. आमच्या साप्ताहिक बैठकीत आता मी शेवटी बोलते. अडचण आणणाऱ्याला आधी धन्यवाद म्हणते, मग उपायाकडे वळते. गटातला सगळ्यात अबोल सहकारी हल्ली अडलेलं काम दोन दिवस आधी सांगतो. बाकीच्यांना अजून वेळ लागेल, आणि तो मी देणार आहे.

प्रबंधाची एक प्रत तुमच्या ग्रंथालयात जमा केली आहे. यंदाच्या तुकडीतल्या ज्या सहकाऱ्यांचा प्रेरणेवरचा निबंध राहिला आहे, त्यांना मी तुमच्याकडे पाठवते आहे. शक्य झालं तर त्यांनाही आधी तो 1943 चा लेख द्या. माजी विद्यार्थिनी म्हणून माझा सभासदत्वाचा अर्जही सोबत जोडला आहे. चेस्टर बर्नार्डचं व्यवस्थापनावरचं 1938 चं पुस्तक अर्धं राहिलं होतं. आज्ञेला अधिकार मिळतो तो ती मानणाऱ्याकडून, असं तो जिथे मांडतो ते प्रकरण मला सावकाश वाचायचं आहे. शनिवारी येते, तेवढं पुस्तक बाजूला काढून ठेवाल का?

आपली ऋणी,
एक माजी विद्यार्थिनी