बेटावरच्या लहान पालिकेचे मोल

महोदय,

फिनलंडच्या अखत्यारीतील, पण स्वीडिश बोलणाऱ्या ओलांड द्वीपसमूहाचा उल्लेख आपल्याकडे झालाच तर तो ही बेटे फिनलंडकडेच ठेवण्याच्या, १९२१ च्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) निर्णयापुरता होतो. या द्वीपसमूहातील चोकारसारख्या, अडीचशेहूनही कमी वस्तीच्या ग्रामीण पालिकेकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही, याची खंत वाटते. या खडकाळ बेटांवरील ओटरबोटे येथे सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या, सीलची शिकार करणाऱ्या लोकांच्या झोपड्यांचे अवशेष सापडले आहेत. हामनो (नावाचा अर्थच ‘बंदराचे बेट’) येथे पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंचा मठ होता आणि त्याच जागेवर १७८४ मध्ये बांधलेले संत अ‍ॅनाचे चर्च आजही उभे आहे.

ओलांडमधील १६ पालिकांच्या विलीनीकरणाचा विषय तेथे अधूनमधून निघतो. खर्चाची अडचण खरी आहे. तरीही शाळेचे आणि वृद्धांच्या देखभालीचे निर्णय बेटावरच होत राहिले, तरच तरुण कुटुंबे तेथे टिकतील आणि त्यांच्यासोबत त्यांची बोली व ही जुनी ठिकाणेही जपली जातील, असे मला मनापासून वाटते. आपल्या रविवार पुरवणीत अशा लहान भाषिक समाजांवर सविस्तर लेख प्रसिद्ध व्हावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे