साहेब, बॅगा पोचल्या, पण बुरशीच्या गोळीचा डोस कोण सांगणार?

मा. मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार. काल मोबाईलवर मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." बरं झालं. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पोटातली डायलिसिसची नळी 11 दिवसांपूर्वीच काढली, म्हणजे निकाल लागलाच होता म्हणा.

मागच्या वर्षी आमच्या तालुक्यात फीत कापायला आलात तेव्हा माईकवर म्हणाला होतात, आता किडनीच्या पेशंटला घरच्या घरी डायलिसिस. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पण होते. अण्णांचं पोटाचं डायलिसिस, दिवसाला चार बॅगा, दोन लिटरची एक, म्हणजे महिन्याला 240 लिटर पाणी आमच्या घरात नळीतून पोटात जायचं आणि बाहेर यायचं. बाहेर आलेली बॅग पेपरवर ठेवायची, अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ. त्या दिवशी पेपरात तुमची पानभर जाहिरात होती. बॅगेतून तुमचा चेहरा दिसेना साहेब, नुसतं ताकासारखं पांढरं.

पाणी गढूळ म्हणजे पोटात इन्फेक्शन. अँटिबायोटिक सुरू झालं, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. लागोपाठ अँटिबायोटिक दिलं की पोटात बुरशी माजते, म्हणून त्यासोबत नायस्टॅटिन नाहीतर फ्लुकोनॅझोल द्यावं असं डायलिसिसच्या गाइडलाइनमध्येच लिहिलंय. मला हे नंतर कळलं, मी शाळेत भूगोल शिकवते. ज्यांना आधी कळायला हवं होतं त्यांनी "ते इथे स्टॉकला नसतं" म्हणून विषय संपवला. मग पोटातल्या पाण्याच्या तपासणीत, कल्चरमध्ये, कँडिडा नावाची बुरशी आली. बुरशी निघाली की नळी ताबडतोब काढायची असते, चारात एक पेशंट दगावतो म्हणे, काही ठिकाणी तर जास्तच लिहिलंय. आमची नळी सहा दिवस तशीच, का तर काउंटरवरच्या मुलाला योजनेच्या यादीत नळी टाकायचा कोड सापडला, काढायचा सापडेना!

आता गोळीचं सांगते, कारण खरा जीव तिथे टांगणीला लागला. फ्लुकोनॅझोल तुमच्या-माझ्या पोटात गेलं तर 80 टक्के जसंच्या तसं लघवीतून निघून जातं, साधारण 30 तासांत रक्तातलं निम्मं कमी होतं. अण्णांना लघवी दिवसाला कपभर. किडनी गेली की तेच निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागतात. पहिला डोस पूर्ण, पुढे निम्मा नाहीतर दिवसाआड, एवढं साधं गणित, पण कागदावर लिहून मिळालं रोज 400. मी विचारलं तर उत्तर आलं, "डायलिसिस झालं की गोळी द्यायची." अहो ते मशीनवाल्यांना! मशीन तीन तासांत निम्मं औषध धुऊन काढतं, पोटाचं डायलिसिस बारा महिने ठिबकसारखं चालतं. त्या हिशोबाने अण्णांना रोज चार गोळ्या द्यायच्या का? आणि नळी निघाल्यावर तर तेही पाच दिवस बंद होतं.

त्यात अण्णांना शुगर. बॅगेत ग्लुकोज असतं, म्हणून त्यांची शुगरची गोळी, ग्लिमेपिराईड, वाढवून ठेवलेली. नळी निघाली, बॅगा बंद, ग्लुकोज बंद, आणि फ्लुकोनॅझोल ग्लिमेपिराईडला लिव्हरमध्ये लवकर मोडू देत नाही. रात्री तीनला आई ओरडली, अण्णा घामाने ओलेचिंब, जीभ जड, शुगर 44. साखरपाणी पाजता पाजता अर्धं अंथरुणावर सांडलं. दुसऱ्या दिवशी ते मलाच म्हणाले, "ताई, तुझ्या शाळेला उशीर झाला ना?"

मग म्हणे बुरशीवर जोरदार औषध देऊ, अँफोटेरिसिन. ते सलाईनमधून दिलं तर माणूस थडथड कापतो, पोटाच्या पाण्यात मात्र नावापुरतं उतरतं, थेट पोटात घातलं तर आतून भाजतं, आणि जी काही कपभर लघवी उरलीय तीही जाते. हे फोनवर पुण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, फी न घेता. आमच्या जिल्ह्यात किडनीचे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा येतात, तेही रस्ता बरा असला तर.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 चा, त्यात पोटाच्या डायलिसिसच्या गाइडलाइन 2019 च्या. इतकी वर्षं झाली. मशीनला फीत बांधता येते, टेंडर काढता येतं, फोटो निघतो. पोटाच्या डायलिसिसला फीत कुठे बांधणार, म्हाताऱ्याच्या बेंबीशेजारी? तुम्हा लोकांना सर्दी झाली तरी मुंबईला हलवतात, आमच्याकडे मेडिकलवाल्याला विचारून डोस ठरतो.

मागणं फार नाही. जिल्ह्यात एक फोन नंबर द्या, जिथे पोटाच्या डायलिसिसवाल्याला कुठलं औषध किती द्यायचं हे सांगणारा जाणकार माणूस असेल, रात्रीसुद्धा. अँटिबायोटिकसोबत बुरशीची गोळी स्टॉकला ठेवा, त्याला काही फार खर्च नाही. आणि नळी काढायचा कोड तेवढा शोधून ठेवा.

अण्णा आता आठवड्यातून तीनदा 70 किलोमीटर जातात, मशीनवर, मानेत नळी घालून. मागच्या खोलीत 38 बॅगा पडून आहेत, मुदत मार्चपर्यंत आहे. पुढच्या उद्घाटनाला टेबलावर मांडायला लागल्या तर गाडी पाठवा.

आपली,
एका पेशंटची मुलगी