एका हातातली पाटली

प्रिय अव्या,

काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन नसतं तर तुला दहा दिवस मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. तुझी सीट रिकामी गेली नाही, काळजी नको. तिथे वर्तकची औषधांची पिशवी आणि चिवड्याचा डबा शेवटपर्यंत मानाने बसून होते.

तवांगच्या सहलीचे फोटो ग्रुपवर पाहिलेसच. त्यांत नसलेलं लिहायला बसलोय.

सुरुवात आसामात तेजपूरला झाली. आपल्याला ते फक्त मुक्कामाचं गाव होतं. पण नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धात, वरचं बोमडिला चिन्यांच्या हाती पडल्याची बातमी आली आणि हे शहर ब्रह्मपुत्रेपलीकडे पळत सुटलं होतं. बँकेतल्या नोटा जाळून टाकल्या होत्या. संध्याकाळी नदीकाठी फिरताना माणसं निवांत भेळ खात बसलेली दिसली, तेव्हा ते खरंच वाटेना.

भालुकपाँगच्या नाक्यावर इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायचा परवाना, दाखवून आत शिरलो आणि रस्त्याकडेच्या पाट्यांवर काय लिहिलेलं असावं? 'प्रोजेक्ट वर्तक'! सीमा सडक संघटनेच्या तिथल्या प्रकल्पाचं नावच ते. मग काय, प्रत्येक पाटीशी गाडी थांबवून आपल्या वर्तकचा फोटो. "आमच्या पणजोबांचा रस्ता आहे, टोल भरा," असं तो चौथ्या पाटीपर्यंत म्हणत होता. पाचव्या पाटीला त्याला घाटाने ओकारी आली आणि घराण्याचा विषय मिटला.

बोमडिला, दिरांग पटकन सांगतो: सफरचंदाच्या बागा, थुक्पा, आणि टूरवाल्याने शपथेवर सांगितलेला, पण खोलीत नसलेला हीटर.

सेला खिंडीत मात्र थांबायला हवं. मार्च २०२४ पासून खालून बोगदा सुरू झालाय, त्यामुळे गाड्या सरळ त्यातून जातात. ड्रायव्हरदादाही तेच म्हणत होता. आम्ही हट्टाने खिंडीवरून न्यायला लावलं. उंची १३,७०० फूट. गाडीतून उतरून तळ्यापर्यंत चाललो तर चार पावलांत धाप लागली. खाली वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. इथे बंदूक रोखून बसलं तर वर येणाऱ्याची काय बिशाद, असं माझ्यासारख्या अडाण्यालाही वाटलं. आणि तरीही १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री आपल्या ब्रिगेडने सेला सोडला. कारण चिनी फक्त समोरून आले नव्हते. १९१३ साली बेली आणि मोर्सहेड हे इंग्रज अधिकारी तिबेटातून ज्या डोंगरवाटेने उतरले, त्या वाटेने ते वळसा घालून मागे आले आणि दिरांग-बोमडिला रस्ताच तोडला. सिंहगडाच्या गोष्टीत आपण कायम कडा चढणाऱ्याच्या बाजूचे असतो ना रे? वर बसलेल्याला काय वाटत असेल, हा विचार पहिल्यांदा तिथे डोक्यात आला.

पुढे जसवंतगड. रायफलमन जसवंतसिंह रावत, ४ गढवाल रायफल्स, १७ नोव्हेंबर १९६२ ला नूरानांगच्या लढाईत पडले, मरणोत्तर महावीर चक्र. त्यांनी एकट्याने ७२ तास ठाणं लढवलं, सेला आणि नूरा नावाच्या, तिथल्या मोन्पा जमातीच्या मुली मदतीला होत्या, हे सगळं तिथे मोठ्या श्रद्धेने सांगतात. त्यातलं इतिहास किती आणि दंतकथा किती, यावर वर्तक गाडीत तावातावाने बोलत होता. मग आत गेलो. खोलीत पलंग. त्यावरची चादर अशी ताणलेली की नाणं टाकलं तर उडावं. इस्त्रीचा गणवेश. आणि बूट. त्या बुटांच्या टोकांवर खिडकीचा चौकोन दिसत होता, इतकं पॉलिश. रोज सकाळी जसवंतसिंहांना चहा दिला जातो. वर्तक, ज्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नात सत्यनारायण होऊ दिला नाही, तो गुपचूप बाहेर जाऊन चपला काढून आला. कोणी काही बोललं नाही. जवानांनी आम्हालाही चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

तवांगचा मठ भव्य आहे, पण त्याचं वर्णन तुला कुठेही मिळेल. मी युद्धस्मारकात जास्त वेळ होतो. स्तूपासारखं बांधकाम आणि कामेंग विभागात पडलेल्या २,४२० जणांची नावं. सुरुवातीला मी नावं वाचत होतो. नंतर नुसता भिंतीकडेने चालत राहिलो.

आणि शेवटी बूमला, चीनच्या सीमेवरची खिंड. १५,२०० फूट. वाटेत सुभेदार जोगिंदरसिंहांचं स्मारक लागतं. २३ ऑक्टोबर १९६२ ला पलटणीतले वीसेक जवान घेऊन ते लढले, मांडीत गोळी लागली तरी हटले नाहीत, चिन्यांच्या कैदेत गेले. परमवीर चक्र. वर पोचलो तर वारा असा की डोळ्यांतून आपोआप पाणी. माझ्या अंगात थर्मल, दोन स्वेटर, वर ते फुगीर जाकीट, आणि दात वाजत होते. त्या युद्धात याच सीमेवर नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटात होते, माणशी जेमतेम ५० गोळ्या.

तेव्हा मला तुझी आजी आठवली. खरं सांगतो, चीन समोर होता आणि मी तुमच्या माजघरात होतो. तिच्या उजव्या हातात पाटली आणि डाव्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. आपण विचारायचो, आजी, दुसरी कुठंय? तर म्हणायची, "ती हिमालयात गेली." आपल्याला वाटायचं हरवली असणार आणि म्हातारी थाप मारतेय. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून गावभर आनंद झाला, आणि तिने संरक्षण निधीत पाटली दिली, हे तुझ्या बाबांनी सांगेपर्यंत आपण कॉलेजात गेलो होतो. तिने जवानांसाठी स्वेटरही विणले होते ना? जिने जन्मात बर्फ पाहिला नाही, तिने मापं कोणाची घेतली असतील?

तिथल्या चहाच्या खोलीत एक पोरगा भेटला, सांगलीकडचा. आमचं मराठी ऐकून स्वतःच आला. "काका, टोपी कानावर ओढा, वारं वाईट आहे," म्हणाला आणि स्वतःच माझी टोपी खाली ओढली. त्याला आजीची गोष्ट सांगावी असं फार वाटलं. पण तेवढ्यात त्याला हाक आली, तो पळाला.

काकूंना नमस्कार. वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात का? फोन करतो रविवारी.

तुझा,
शिऱ्या

ता. क. उरलेली पाटली अजून तुमच्याकडे आहे का रे? विकली, मोडली असेल तर राहू दे. असेल तर आलो की एकदा हातात घेऊन बघायची आहे.