आजीबद्दल लिहायला बसण्याआधी

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीचं आयुष्य लिहून काढायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. लहान गावात संसार करण्यात आयुष्य गेलेल्या बाईबद्दल कागदावर फारच थोडं सापडतं. जे आहे ते माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून आधी माणसं गाठ. फोटो कपाटात आणखी दोन महिने राहिले तरी चालतील.

शेजारच्या काकूंपासून सुरुवात कर. ‘आजी कशी होती?’ असं विचारलंस तर ‘देवमाणूस होती’ एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा ती उठल्यावर आधी कशाला हात लावायची, पाणी कुठून आणायची, घरात कुणी आजारी पडलं की रात्री कोण जागायचं, साठवलेले पैसे कुठे ठेवायची, कुणाशी तिचं बिनसलं होतं, असं विचार. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. चार-पाच सेकंद गप्प बसलीस तर खरी आठवण बरेचदा त्यानंतर येते.

बोलणं फोनवरच रेकॉर्ड कर, पण आधी फोन विमान मोडवर टाक, नाहीतर मध्येच कुणाचा कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. टेबलावर त्याच्याखाली रुमालाची घडी ठेव, म्हणजे टेबलाला लागलेला धक्का आवाजात उतरणार नाही. बोलणाऱ्यापासून हातभर अंतर ठेव आणि पंखा बंद कर. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव तुझ्या आवाजात घे. तासाभरात वयस्कर माणूस दमतं, तेव्हा थांब आणि पुन्हा जा. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात. म्हणून आधी नुसती टिपणं काढ: कितव्या मिनिटाला कोणता विषय आला. महत्त्वाचे तुकडे तेवढे पूर्ण लिही, आणि त्यांच्याच शब्दांत.

सालं कुणाला आठवत नाहीत. ‘थोरला शाळेत जायला लागला तेव्हा’ हे मात्र पक्कं आठवतं. म्हणून एका मोठ्या कागदावर आधी मुलांचे जन्म, त्यांच्या इयत्ता, घर बदललं ती वर्षं अशी खात्रीची सालं मांड आणि बाकीच्या आठवणी त्यांच्या आगेमागे बसव. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख अंदाजाने घातलेली असू शकते, तिच्यावर एकटीवर विसंबू नकोस. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही ठेव, कुणी सांगितलं ते लिहून.

आजीचा आवाज असलेली कॅसेट तू घाईने लावून बघशील, याची मला काळजी आहे. आधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाक, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग कॅसेटच्या खिडकीतून टेपची गुंडाळी बघ. पांढरट बुरशी दिसली तर लावायचीच नाही. बुरशी प्लेअरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते, अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यायची. खालच्या, टेप उघडी दिसते त्या बाजूला मधोमध नमद्याचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) एक इवलासा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबका, घोगरा येतो आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डिंगच खराब झालं. तसं असेल तर तेवढा तुकडा बदलून घेता येतो. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून कोरडं होऊ दे. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरव, मगच ती वाजवून संगणकावर रेकॉर्ड करायला घे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागणार. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर घे, म्हणजे आवाजातले बारकावे टिकतात. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी जागा जाते, जाऊ दे.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस. आधी प्रत्येक अख्ख्या पानाचा फोटो घे, कारण आजीने लावलेला क्रमही काही सांगतो. मग दात साफ करायचा बारीक दोरा एका कोपऱ्यातून फोटोखाली सरकवत ने. फोटो वाकू लागला तर तिथेच थांब आणि तो पानासकट स्कॅन कर. एरवी स्कॅनिंग ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) आणि अगदी लहान फोटो १२०० वर. मूळ फाइल टिफ (TIFF) प्रकारात ठेव आणि रंग सुधारायचे ते तिच्या प्रतीवर. मागची बाजूही स्कॅन कर, हस्ताक्षर तिथेच सापडतं. नावं मऊ पेन्सिलीने, मागच्या कडेला, हलक्या हाताने लिही. प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे कागदी पाकिटावर आधी नाव लिही आणि मग फोटो आत घाल. रबरबँड, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. सगळ्या फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. निरोपाच्या ॲपवरून फोटो मागवलेस तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, नुसता पाठवला की त्यातला तपशील घटतो.

आता लिखाण. पहिल्या वाक्यात तिचं पूर्ण नाव येऊ दे, माहेरचंही. ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशीक’ हे शब्द कुणाच्याही आजीला लागू पडतात. त्यांच्या जागी तिचा एक दिवस लिही, उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत, कोणतं काम किती वेळ चालायचं त्यासकट. तिची जमाखर्चाची वही तुला इथे फार कामाला येईल. ज्या महिन्यात तिच्या स्वतःच्या नावापुढे एकही खर्च नाही, त्या महिन्यात मुलांच्या नावापुढे काय आहे ते बघ. तिची माया मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. तिचा रागही लिही, आणि जे शिकायचं राहून गेलं तेही.

तुम्हा नातवंडांना भेटली ती मांडीवर घेऊन बसायला वेळ असलेली आजी. आम्हा मुलांची आई सतत कामात असायची, आणि तिचं प्रेम वेळेवर धुतलेल्या गणवेशातून कळायचं. दोन्ही खरं आहे. एकीसाठी दुसरीला गाळू नकोस.

पहिला मसुदा बाहेर कुणाला दाखवण्याआधी आत्याला आणि काकांना दे. हयात माणसांबद्दलचा मजकूर त्यांना विचारूनच ठेवायचा. कॅसेट प्लेअर मी बघतो. काकू दुपारी चारनंतर मोकळ्या असतात, त्यांना या आठवड्यातच फोन कर.

तुझा,
बाबा