आत्यासाठी नर्सिंग होम बघताना

लीड्स

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले सोलापुरातल्या तिन्ही जागांचे फोटो बघितले. विजापूर रोडवरच्या जागेची फरशी चकाचक आहे, बागही झकास. पण एकाही फोटोत एकही म्हातारं माणूस नाही, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. फोनवर अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेच. वाचून झालं की आत्यालाही दे. अर्धांगवायूने तिचा डावा हात-पाय गेलाय, डोकं शाबूत आहे.

इथे इंग्लंडमध्ये २००९ पासून नर्सिंग होम वगैरे तपासणारं केअर क्वालिटी कमिशन आहे. त्यांचे तपासनीस बहुतेक वेळा न सांगताच येतात. माणसं सुरक्षित आहेत का, उपचारांचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे बघतात का आणि कारभार कसा चाललाय, या पाच गोष्टी बघून ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरी’पर्यंत चारपैकी एक श्रेणी देतात. ती दर्शनी भागात लावावीच लागते. तरी आम्ही नर्सेस त्या बोर्डावर डोळे मिटून विसंबत नाही. तपासणी होऊन दोन-तीन वर्षंही झालेली असू शकतात, तेवढ्यात मॅनेजर बदलतो, जुन्या मुली सोडून जातात.

त्यांची एक रीत मात्र मला फार पटते. ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे स्वतःचं सांगता येत नाही, त्यांच्यासाठी तपासनीस हॉलच्या कोपऱ्यात गप्प बसतो आणि दर पाच मिनिटांनी टिपून ठेवतो: चेहरा कसा आहे, कुणी जवळ आलं का, आलं तर बोललं की नुसती उशी सरकवून गेलं. ही पद्धत बसवण्यात शेजारच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाचा हात होता. तूही तसंच कर. तिकडे असा बोर्ड काही मिळणार नाही, पण तास-दीड तास बसायला कोण अडवतंय? अडवलं तर ती जागा यादीतून काढून टाक.

जाताना फोन करू नकोस. संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा, शक्यतो रविवारी. सकाळी अकराला सगळीकडेच सगळं ठीक असतं.

जो अंथरुणाला खिळलाय, त्याच्याकडे आधी बघ. पाण्याचा पेला कुठे आहे? आत्याच्या डाव्या बाजूला ठेवला तर तो नसल्यासारखाच. बेल उजव्या हाताशी हवी. एकदा दाबून बघ, कोण येतं आणि किती वेळाने. भरवताना पाठ सरळ बसवतात का, की आडवं ठेवूनच चमचा तोंडात घालतात? अर्धांगवायूनंतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि आत्याला पाण्याने ठसका लागतो हे तूच सांगितलंस. कडक भाकरी आता विसरा. आमटीत कुस्करलेली मऊ भाकरी चालेल, पण कुस्करायला आणि भरवायला माणसाला वेळ हवा.

बेडसोअरचं (पडून राहून होणाऱ्या जखमेचं) सरळ विचार: आत्ता कुणाला आहे का, आणि तो इथे आल्यावर झाला की आधीपासून होता? कूस कितीदा बदलता, ते लिहून ठेवता का? वही मागून बघ. पूर्ण दिवसाच्या नोंदी एकाच पेनाने, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर काय ते समज. वहिनींना सांग, आत्याला ठेवल्यावर प्रत्येक भेटीत टाचा आणि माकडहाड बघायचं. पुस्तकात ‘लाल चट्टा’ लिहितात, आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसतोच असं नाही. जागा काळसर, गरम किंवा टणक लागली की लगेच बोलायचं.

एअर बेड देतो म्हणाले तर इन्व्हर्टर विचार. लाइट गेली की पंप बंद, हवा उतरली की आत्या पलंगाच्या पत्र्यावर. आणि पाणी! सोलापुरात नळ रोज येत नाही, अंथरुणातल्या माणसांची धुणी तर रोजची. टाकी केवढी, बोअर आहे का, हे बागेपेक्षा महत्त्वाचं. मे महिन्यात खोली दुपारी किती तापते, तेही बघ. म्हाताऱ्यांना तहान कळत नाही, पाणी मागून घेत नाहीत, द्यावं लागतं.

रात्री दोन वाजता किती माणसं, किती पेशंटांमागे? त्यात शिकलेली सिस्टर किती? झोपेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देतात? सगळ्यात जुनी मावशी किती वर्षं टिकलीये? (मावशीलाच विचार, ऑफिसात नको.) पूर्व भागातली तेलुगू बोलणारी कुणी असली तर फारच छान, एवढी वर्षं तिथे काढल्यामुळे आत्याचं भांडणसुद्धा तेलुगूत रंगतं.

पैशांचं लेखी घे: डायपर, फिजिओ, औषधं वेगळी का, आणि दवाखान्यात हलवलं तर त्या दिवसांचे किती. काही अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, नंबर लिहून ठेव.

मला विचारशील तर होटगी रोडची जुनाट इमारत आधी बघ. तिथल्या एका फोटोत मागे दोरीवर चादरी वाळताना दिसतायत. कुणीतरी धुतायत, एवढं तर नक्की. पैशांची काळजी करू नकोस, निम्मे मी पाठवते. बघून आलास की शनिवारी फोन कर, इथे तेव्हा मला सुट्टी आहे.

आत्याला आणि वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
सुनंदा