मॅक्लॉरिन यांचं अर्धंच चरित्र

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीचे माजी अध्यक्ष लॉर्ड इयान मॅक्लॉरिन यांच्यावर पानभर लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण म्हटलं एक दिवस जाऊ दे, राग उतरेल. उतरला नाही, म्हणून हे पत्र.

लेखकमहाशयांनी मॅक्लॉरिन यांना ग्राहकनिष्ठेचे जनक करून टाकलं आहे. वरपासून खालपर्यंत क्लबकार्ड, म्हणजे खरेदीवर पॉइंट देणारं टेस्कोचं कार्ड, क्लबकार्ड आणि क्लबकार्ड. ते कार्ड आलं १९९५ च्या फेब्रुवारीत. हे गृहस्थ टेस्कोत लागले १९५९ साली, कंपनीचे पहिले मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून. १९७३ मध्ये मॅनेजिंग डायरेक्टर झाले, १९८५ मध्ये अध्यक्ष. संस्थापक कोहेन घराण्याबाहेरचा पहिला अध्यक्ष. मधली छत्तीस वर्षं ते काय गल्ल्यावर बसून जांभया देत होते? ज्या एका निर्णयामुळे टेस्को टेस्को झाली, त्याबद्दल आपल्या लेखात अवाक्षर नाही. तो निर्णय १९७७ चा, आणि तो ग्राहकाला बांधण्याचा नव्हता, मोकळं करण्याचा होता.

आम्ही तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरला होतो. यजमान तिथल्या इस्पितळात डॉक्टर. लेस्टरमध्ये टेस्कोचं प्रचंड दुकान होतं. १९६१ साली उघडलं तेव्हा युरोपातलं सगळ्यात मोठं म्हणून गाजलेलं. खरेदी केली की हातात ग्रीन शील्ड स्टॅम्प पडत. दशमान नाणी आल्यावर अडीच पेन्सला एक, असा हिशेब. ते घरी आणून वहीत चिकटवायचे, वह्या भरल्या की कॅटलॉगमधली वस्तू आणायची. आमच्याकडे हे खातं सासूबाईंचं. शेजारच्या इंग्रज बायका जिभेनं स्टॅम्प ओले करत, ते पाहून त्यांच्या अंगावर काटा येई. एक तर उष्टं, त्यात तो गोंद कशापासून केलेला कोण जाणे! मग बशीत ओला स्पंज ठेवून, चष्मा नाकावर सरकवून, एकेक पट्टी त्यावर फिरवून चिकटवत बसायच्या. वही इतकी फुगायची की मिटता मिटत नसे. त्या वह्यांवर आमच्याकडे इस्त्री आली, वजनकाटा आला. फुकट मिळाली म्हणून सासूबाई त्या इस्त्रीला फार जपत.

फुकट कसली! पैसे आपल्याच पिशवीतून जात होते. दुकानदार स्टॅम्प कंपनीकडून ते विकत घेणार आणि तो खर्च साबणात नि बिस्किटात चढवणार. स्टॅम्प आले त्यालाही कारण होतं. उत्पादक ठरवेल त्याच किमतीला माल विकायचा, असं बंधन तेव्हा होतं. भाव पाडता येत नाही तर निदान स्टॅम्प द्या, म्हणून टेस्कोनं १९६३ मध्ये ते सुरू केले. दुसऱ्याच वर्षी ते बंधन कायद्यानं मोडीत निघालं. स्टॅम्प मात्र राहिले, कारण संस्थापक सर जॅक कोहेन यांचा त्यांच्यावर भारी जीव. लंडनमधल्या हॅकनीच्या बाजारात हातगाडीवर माल विकून वर आलेला माणूस तो. ढीग लावा आणि स्वस्तात विका, हा त्याचा मंत्र. त्याच म्हाताऱ्याच्या विरोधाला न जुमानता मॅक्लॉरिन यांनी संचालक मंडळात स्टॅम्प बंद करण्याचा ठराव काठावर का होईना, पास करून घेतला.

इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचा तो आठवडा. टेस्कोनं दुकानं बंद ठेवली, काचा झाकून टाकल्या. ९ जूनला दारं उघडली तेव्हा स्टॅम्प गायब आणि भाव उतरलेले. ‘ऑपरेशन चेकआउट’ म्हणतात ते हेच. लोकांची झुंबड उडाली. बाजारातला कंपनीचा वाटा साधारण आठ टक्क्यांवर होता, तो वर्षभरात बारा टक्क्यांच्या आसपास गेला. हे आपल्या लेखकाला एका ओळीतही सांगावंसं वाटू नये?

आता क्लबकार्ड. टेस्कोच्या प्रतिस्पर्धी सेन्सबरी साखळीच्या घराण्यातले डेव्हिड सेन्सबरी त्याला इलेक्ट्रॉनिक ग्रीन शील्ड स्टॅम्प म्हणून हसले होते. त्याच वर्षी टेस्कोनं त्यांना मागे टाकून पहिला नंबर पटकावला, हे लेखात आहे. पण ज्यानं स्टॅम्प फेकले त्यानंच अठरा वर्षांनी त्यांचा धाकटा भाऊ घरात आणला, ही गंमत लेखात नाही. ग्राहकांच्या माहितीचा अभ्यास करणाऱ्या डन आणि हम्बी या नवराबायकोनं कार्डाच्या चाचणीचे आकडे मांडल्यावर मॅक्लॉरिन म्हणाले होते की मला तीस वर्षांत माझ्या ग्राहकांबद्दल जेवढं कळलं नाही, तेवढं तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, याची मला भीती वाटते. लेखात हे वाक्य कौतुक म्हणून आलं आहे. भीती हा शब्द वाचून न वाचल्यासारखा करायला कौशल्य लागतं. तरीही टेस्कोच्या बाजूनं एक सांगते: ते पौंडामागे एक पेनी परत द्यायचे आणि त्याची व्हाउचर्स टपालानं घरपोच यायची. माहिती घेत होते, पण मोबदला तरी देत होते.

आमच्या ठाण्यात काय आहे? मागच्या महिन्यात एका मोठ्या साखळी दुकानात पोह्यांचं पाकीट आणि हिंगाची डबी घेऊन काउंटरवर उभी राहिले. पैसे रोख, सुट्टे, हातात.

“मॅडम, नंबर?”

“कसला?”

“मोबाइल.”

“कशाला हवाय?”

“त्याशिवाय बिल पुढे जात नाही.”

मी म्हटलं, पोह्यांना फोन करायचाय का? मुलगी बिचारी हसलीसुद्धा नाही. दिवसभर हेच ऐकत असणार. मागून एक तरुण म्हणाला, “काकू, सांगून टाका ना, उशीर होतोय.” रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा अशा की जणू मीच हिंग चोरलाय. दिला नंबर. तेव्हापासून मला लंगोटांच्या, म्हणजे हल्लीच्या डायपरच्या, सवलतींचे मेसेज येतात. माझी नात कॉलेजात आहे. एकदा मेसेज आला की तुमचे पॉइंट उद्या बाद होणार. धावत गेले, तर म्हणे ठरावीक पॉइंट साठल्याशिवाय वापरता येत नाहीत. म्हणजे साठेपर्यंत वापरायचे नाहीत आणि साठायच्या आत बाद! आमच्या सासूबाईंच्या वह्या निदान कपाटात राहत होत्या. मोबाइल नंबरची सक्ती करू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. ते कात्रण पर्समध्ये आहे, पण मागे रांग असली की दाखवायचा धीर होत नाही.

आपल्याकडच्या दुकानवाल्यांनी मॅक्लॉरिन यांचं १९९५ उचललं आणि १९७७ सोडून दिलं. आपल्या लेखानंही नेमकं तेच करावं, याचा राग आला.

आणखी एक चूक. मॅक्लॉरिन यांनी व्होडाफोन भारतात आणली आणि तो गोजिरवाणा पग घराघरांत पोचवला, असं वाक्य लेखात आहे. पग हच या मोबाइल कंपनीचा. व्होडाफोननं हच घेतली २००७ मध्ये. मॅक्लॉरिन व्होडाफोनच्या अध्यक्षपदावरून उतरले २००६ मध्ये. त्यांच्या काळात, २००५ साली, व्होडाफोननं भारतीमध्ये, म्हणजे एअरटेलवाल्या कंपनीत, दहा टक्के हिस्सा घेतला होता. लिहायचंच होतं तर ते लिहायचं. पुरवणी छापण्याआधी कुणी वाचत नाही का?

आणि क्रिकेट? मराठी पेपरात मॅक्लॉरिन यांच्यावर पानभर लेख येतो आणि क्रिकेटचा उल्लेखही नाही! १९९७ पासून २००२ पर्यंत ते इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाचे पहिले अध्यक्ष होते. काउंटी स्पर्धेच्या दोन श्रेण्या, खेळाडूंना बोर्डाचे थेट करार, हे त्यांच्याच कारकिर्दीतलं. २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनेस यांनी आपल्या सचिनवर चेंडू कुरतडल्याचा ठपका ठेवला तेव्हा इथे किती संताप उसळला होता! त्यांनीच सेहवागवर घातलेल्या बंदीवरून इंग्लंडविरुद्धची मोहालीची कसोटी होते की नाही अशी वेळ आली, तेव्हा समोरच्या बोर्डावर हेच गृहस्थ अध्यक्ष होते. शेवटी सेहवागला बाहेर बसवून सामना झाला. क्रीडा विभागातल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. गेल्या उन्हाळ्यात आपल्याच दैनिकानं ‘कुपनं चिकटवा, कॅसरोल मिळवा’ अशी योजना काढली होती. मी रोज कात्रीनं कापून, डिंकानं चिकटवून फॉर्म भरत होते. एके दिवशी आमच्या आवृत्तीत पहिल्या पानावर बिल्डरची जाहिरात आली आणि कुपन छापलंच गेलं नाही. कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं, “मूळ कुपनच लागेल, झेरॉक्स चालणार नाही.” अहो, जे छापलंच नाही त्याचं मूळ मी कुठून आणू? फॉर्म सोबत जोडला आहे. कॅसरोल ठेवा तुमच्याकडेच; त्या दिवशी ठाण्याच्या अंकात कुपन का नव्हतं, तेवढं मात्र छापा.

कळावे,
एक जुनी वर्गणीदार, ठाणे